गाळलेल्या शिव्या

वेंगुर्ल्याच्या बंदरावर गुणाजी धुरीची शिवी ज्याने खाल्ली नाही, तो माणूस एकतर परगावचा असायचा, नाहीतर गुणाजीच्या मनातून कायमचा उतरलेला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे कान अधू आणि आवाज खणखणीत. सकाळी शटर वर करताना पहिली शिवी गंजलेल्या कुलपाला, दुसरी बाकड्यावर झोपलेल्या मांजराला, आणि मग येईल जाईल त्याला. ज्याच्यावर जीव अधिक, त्याच्या वाट्याला शिवीही अधिक तिखट. आता याला प्रेम म्हणायचं का, असं कुणी घाटावरचा विचारील. त्याने खुशाल विचारावं. बंदरावर हा प्रश्न कुणाला पडत नसे.

त्याची एकुलती मुलगी शलाका. दहावीला ती केंद्रात पहिली आली तेव्हा शाळेच्या बाई पेढे घेऊन घरी आल्या होत्या. गुणाजीने निकाल ऐकला, तेलाने माखलेल्या हातांनीच पोरीला उचललं आणि म्हणाला, "शिरा पडो तुझ्या तोंडार, बापाशीक रडवतंस काय गो मेले?" बाई दचकून दोन पावलं मागे सरल्या. शलाका मात्र बापाच्या खांद्यावर बसून हसत होती आणि तिची आई मालती दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

पण घरात आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गुणाजी खरोखर दुखावला की त्याच्या शिव्या बंद व्हायच्या. त्याच्या सख्ख्या भावाने, रघुवीरने, दोघांच्या नावावरची होडी परस्पर विकली. नंतर रघुवीर घरी आला तेव्हा गुणाजीने खुर्ची पुढे ओढली, फडक्याने पुसली आणि पुस्तकातल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाला, "या, बसा. प्रवास ठीक झाला ना? चहा घ्याल?" स्वयंपाकघरात मालतीच्या हातातलं भांडं खाली पडलं. रघुवीरही समजायचं ते समजला, अर्धा चहा तसाच टाकून उठला. पुढे तो मरेपर्यंत गुणाजी त्याच्याशी इतक्याच अदबीने वागला. एक शिवी म्हणून दिली नाही.

शलाका शिकली, पुण्याला गेली, कानाच्या दवाखान्यात लागली. कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून द्यायची, ती त्यांच्या कानाला जुळवून द्यायची, हे तिचं काम. मालती गेल्यावर बाप तिकडे एकटा आणि लेक इकडे एकटी. कान अधू म्हणून गुणाजीला फोनवर धड बोलता येत नसे. तो आवाजी निरोप पाठवायचा आणि तिचे आलेले निरोप फोन कानाला लावून परत परत ऐकायचा. लेकीने पाठवलेलं कानाचं यंत्र मात्र त्याने डब्यात ठेवून दिलं होतं, कारण बंदरावर ऐकण्यासारखं कोण काय बोलतं, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी शलाकाचा चहा गॅसवर चढायचा आणि बापाचा निरोप यायचा. "वशाड पडो त्या तुझ्या पुण्यार. जेवलंस काय काल? काय नुसती बिस्किटां खातंस, मेलां?" एवढं ऐकलं की तिचा दिवस सुरू.

निरोप यायचे ते 'मेळ'वर. त्या काळात सगळंच मेळवर असायचं. बातम्या, भांडणं, लग्नं जुळवणं, दवाखान्याची वेळ घेणं, फोन करणं, सगळं. साधा फोन असा वेगळा उरलाच नव्हता. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं अशी माध्यमं रागावर चालली. माणूस चिडला की तो जास्त वेळ तिथे रमतो, हे कंपन्यांना कळलं होतं, म्हणून त्या त्याला चिडेल असंच दाखवत राहिल्या. त्यातून गावंच्या गावं एकमेकांवर उठली, घरं फुटली, शाळकरी मुलींनी परक्यांच्या बोलण्याने जीव दिले. मग कायदा आला. पडद्यावरच्या शब्दाने कुणाला इजा झाली तर जबाबदार कंपनी. त्यावर मेळने उपाय काढला, त्याचं नाव 'निवळ'.

निवळचं तंत्र तसं समजायला सोपं. बोलण्याचे दोन भाग असतात, आशय आणि सूर. काय सांगायचं ते आशय, कसं सांगितलं तो सूर. निवळ बोलणाऱ्याच्या फोनमध्येच हे दोन वेगळे करी. मग ऐकणाऱ्याच्या मनगटावरचा पट्टा विचारात घेई. अशा शब्दांनी या माणसाची नाडी किती वाढते, घाम येतो का, श्वास अडतो का. त्यावरून तोच आशय, त्या माणसाला सोसेल अशा सुरात, बोलणाऱ्याच्याच हुबेहूब आवाजात पुन्हा घडवून ऐकवला जाई. याला लागे अर्धा क्षण, आणि त्या उशिराची लोकांना सवय झाली होती. बोलणाऱ्याला वाटे आपण बोललो तेच पोचलं. ऐकणाऱ्याला वाटे ऐकलं तेच तो बोलला. सुरुवातीला हे फक्त अनोळखी माणसांसाठी होतं. नंतर एका सुधारणेत ते टप्प्याटप्प्याने नातेवाइकांनाही लागू झालं. पडद्यावर चौकट आली, सगळ्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं. शलाकानेही दाबलं, चहा उतू जात होता म्हणून.

खोटं कशाला बोला, निवळने पुष्कळांचं भलं केलं. शलाकाच्या सोसायटीत पार्किंगवरून होणारी हाणामारी थांबली. दवाखान्यात चिडके पेशंट नरमले. तिची सहकारी केतकी म्हणायची, "माझी सासू इतकी गोड होती हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं." शलाका हसून म्हणे, "आपल्या यंत्रांसारखंच आहे हे. गोंगाट गाळायचा, बोलणं ठेवायचं." पेशंटला यंत्र देताना मात्र ती न चुकता बजावायची, की आजोबा, यंत्राला गोंगाट कुठला आणि माणूस कुठला हे नेहमी कळेलच असं नाही. गाळण जास्त लावलं तर नातवाची हाकही गाळली जाईल.

शलाकाने 'मान्य' दाबलं त्याच आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, गुणाजीचं बोट इंजिनाच्या पट्ट्यात सापडलं. पेरभर गेलं. त्याने काही कळवलं नाही, कळवलं ते जयवंतीकाकीने. ही मासळीच्या लिलावात बसणारी बाई, धुऱ्यांची शेजारीण, शलाकाला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवणारी. शलाकाचं पित्त खवळलं. तिने बापाला तावातावाने निरोप पाठवला. "पुरे झाली ती इंजिनां. टाळां लाव आणि चल हंय माझ्याकडे. आयकूचा नसात तर माका तसां सांग, थेरड्या." आता पलीकडून तोफ सुटणार म्हणून ती हसतच वाट बघत बसली.

उत्तर आलं. आवाज बापाचाच, त्याच घोगऱ्या गळ्याचा. "शलाका, तुझी काळजी समजली. तू म्हणतेस त्याचा विचार करून कळवतो. तब्येतीला जप."

शलाकाच्या हातातला कप तसाच राहिला. तिने निरोप पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला. काकाच्या वेळी पुसलेली ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. थेरडा म्हटलं म्हणून? तसं तर ती त्याला लहानपणापासून म्हणत आली होती. मग इंजिनांवरून? बापाचं सगळं आयुष्य त्या इंजिनांत, आणि आपण खुशाल टाळं लाव म्हणालो. लागलं असणार त्याला. खोलवर लागलं असणार. निवळ तिच्या मनातही आलं नाही; ते भांडणाऱ्यांसाठी, आणि बापाच्या शिव्या तिला कधी भांडण वाटल्याच नव्हत्या.

तिने लगेच निरोप पाठवला, अगदी काकुळतीला येऊन. "बाबा रे, चुकलंय मी. पण असो गोड गोड बोला नको माझ्याशी, माझ्या पोटात गोळो येता. शिरा पडो तुझ्या तोंडार, चार गाळी घाल माका, मगे बरां वाटात."

उत्तर आलं, "निरोप मिळाला. तुझा आवाज ऐकून समाधान वाटलं."

झालं. त्या दिवसापासून सकाळचा निरोप ऐकायचा तर तिला धसकाच बसे. फोन वाजला की छातीत धडधडे, आणि बाप म्हणे, "सुप्रभात. तू कुशल असशील अशी आशा आहे." दिवसेंदिवस तो अधिकच मऊ, अधिकच परका होत गेला. तीही माणूसच, तिलाही अभिमान होता. किती वेळा माफी मागायची? हळूहळू तिचे निरोप आखडले. एक दिवस केतकीने विचारलं, "बाबा बरे आहेत ना ग तुझे?" शलाका म्हणाली, "बरे आहेत. फार छान बोलतात हल्ली." आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

चतुर्थी आली. कोकणातला माणूस चतुर्थीला घरी जात नाही म्हणजे एकतर तो अंथरुणाला खिळलेला, नाहीतर घराने त्याला टाकलेला. शलाका एकही चतुर्थी चुकली नव्हती. परीक्षा होत्या तेव्हाही गेली होती, ताप होता तेव्हाही. तिने बसचं आरक्षण केलं, आणि मन घट्ट करून कळवलं की मी येत्येय. बापाचं उत्तर आलं. "तुझ्या सोयीने ये. धावपळ करू नकोस. जमलं नाही तरी मी समजून घेईन."

चतुर्थीला धावपळ करू नकोस. हे परक्यालासुद्धा कुणी म्हणत नाही. शलाकाने आरक्षण रद्द केलं. गणपतीच्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि वरणभात लावला, तोही गेला नाही. दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. बापाने आपल्याला मनातून काढलं, याबद्दल आता तिला शंका उरली नव्हती.

दिवाळी सरली आणि एका मंगळवारी निरोप आला. "शलाका, दोन दिवस जरा अस्वस्थ वाटतं. सवड काढून येऊन गेलीस तर आनंद होईल."

तिचा जीव लक्कन हलला. येऊन जा, असं त्याने कितीतरी दिवसांनी म्हटलं होतं. पण त्या आठवड्यात मावळातल्या शाळांमध्ये मुलांचे कान तपासायचं शिबिर होतं, सगळा भार तिच्यावर. आणि 'जरा अस्वस्थ'. 'सवड काढून'. काही गंभीर असतं तर असं बोलला असता का माणूस? तरी भीतीने असो की मायेने असो, तिच्या तोंडून जुनीच भाषा निघाली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे जा, बाबा. माका हंय श्वास घेवक फुरसत नाय, शनिवारी येतंय. तवसर मरा नको, थेरड्या. मेलंस तर बघ, तंगडी मोडून हातात दितलंय."

उत्तर आलं नाही. ती शिबिरात बुडून गेली.

गुरुवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात ती एका पोराच्या कानात बत्ती घालून बघत होती, तेवढ्यात जयवंतीकाकीचा फोन आला. तिच्या छातीत इतकं धडधडलं की मनगटावरचा पट्टा थरथरला. पण काकीचा आवाज शांत होता. "शलाका, तुझ्या बाबांना सकाळी दवाखान्यात नेलं होतं. आता ते शांत आहेत. त्यांना कसलाही त्रास नाही. आम्ही सगळे इथे आहोत, तू सावकाश ये."

"देव पावलो गे काकी," शलाका म्हणाली आणि तिथेच पायरीवर टेकली. "माझो तर जीवच गेल्लो. उद्या सकाळच्या बसान निघतंय मी. बघ तेका तवसर."

शुक्रवारी पहाटे ती बसली. वाटेत कोल्हापूरला उतरून तिने बापासाठी चांगली लोकरी कानटोपी घेतली. आता काही झालं तरी समोरासमोर बसायचं, पाय धरायचे, पण शिवी घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. उन्हं कलायला लागली तेव्हा बस वेंगुर्ल्याला पोचली. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं.

घराकडे वळली तर दारापुढच्या खळ्यात माणसं. बंदरावरचे सगळे. कुणी बोलत नव्हतं. एका बाजूला बांबू आणि सुंभ. पडवीत बर्फाच्या लादीवर कुणीतरी झोपवलेलं, नाकात कापूस. शलाकाला वाटलं आपण दुसऱ्या कुणाच्या घरी आलो.

जयवंतीकाकी पुढे आली. तिने शलाकाला जवळ घेतलं नाही. "इलंस?" ती म्हणाली. "मेलेल्या बापाशीक कालपासून बर्फार ठेवलंव तुझ्यासाठी. आज सावकाश इलंस."

"तू... तू म्हटलंस तो बरो आसा म्हणान."

"मी?"

"त्रास नाय म्हटलंस. सावकाश ये म्हटलंस."

"अगो, मी बोंब मारून सांगितलंय तुका, बापूस गेलो तुझो, धावत ये म्हणान. ह्या सगळ्यांनी आयकलां. आणि तू काय म्हणालंस? 'कळवल्याबद्दल आभारी आहे, मी उद्या निघते.' काळीज आसा काय दगड, असां झालां माका."

शलाकाने मेळ उघडलं आणि कालचं संभाषण लावलं. पडवीत काकीचा आवाज घुमला, शांत, सोज्वळ. *त्यांना कसलाही त्रास नाही.* काकी फोनवर वाकली. "आवाज माझोच," ती हळूच म्हणाली. "पण ह्या मी बोलूक नाय गो. देवाशपथ बोलूक नाय."

शलाका ज्या धंद्यात होती, त्या धंद्यात माणूस ऐकू येत नाही म्हणाला की आधी यंत्र तपासतात. ती भुतासारखी वळली आणि आपला फोन घेऊन काकीसकट मागच्या माडापाशी गेली. "काकी, माका फोन कर. आणि बाबा घालायचो ती गाळ घाल."

"वेडां झालंस? प्रेत पडलाहा घरात."

"घाल, काकी. पाया पडतंय तुझ्या."

काकीने फोन तोंडाशी धरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "शिरा पडो तुझ्या तोंडार, मेले." अर्धा क्षण गेला. शलाकाच्या हातातल्या फोनमधून काकी बोलली, "शलाका, तुझी आठवण येते. काळजी घे."

त्याबरोबर शलाकाला सगळं कळलं. एकदम कळलं आणि आपल्याला हे आधी कसं कळलं नाही, याचाही अर्थ लागला. बापाचा पहिला मऊ निरोप ऐकला तेव्हा तिची नाडी धावली होती. निवळने नोंद घेतली, की या माणसाच्या शब्दांनी हिला त्रास होतो. म्हणून पुढचा निरोप आणखी मऊ केला. तिला आणखी लागलं, नाडी आणखी धावली, त्याने आणखी मऊ केला. माईक आणि कर्णा समोरासमोर आले की आवाज फिरून फिरून वाढत जातो आणि किंचाळतो, हे ती रोज पेशंटला समजावून सांगत होती. इथे तोच फेरा उलटा फिरला होता, आणि शेवटी उरली होती नुसती शांतता. दुसऱ्या टोकालाही तेच झालं असणार. ज्येष्ठांसाठीचा पट्टा बापाच्या हातावर होता. तो तिनेच पाठवला होता, हट्टाने, त्याच्या काळजीपोटी. तिच्या शिव्या गाळून गाळून त्याला काय ऐकवलं असेल? घरात गुणाजी अदबीने बोलला की नातं संपलं, हे साऱ्या बंदराला माहीत होतं. मेळला कुठून माहीत असणार?

अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. अग्नी तिनेच दिला.

दुसऱ्या दिवशी तिने मेळच्या मदतकक्षाला गाठलं. तिला आता एकच गोष्ट हवी होती, बापाचे मूळ निरोप. तो खरंच जे बोलला, त्याच्या तोंडून, ते. पलीकडून एक मधाळ आवाज म्हणाला, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मूळ आवाज आम्ही साठवत नाही. तुमच्या वडिलांच्या खासगीपणासाठी त्यांच्या फोनमध्येच आशय काढला जातो आणि आवाज पुसला जातो."

"मग निवळ येण्याच्या आधीचे? जुने? ते तरी असतील ना?"

"जागा वाचवण्यासाठी जुने निरोपही आशयरूपात ठेवले आहेत. आपण ते केव्हाही ऐकू शकता."

शलाकाने वर वर सरकवत तीन वर्षांपूर्वीचा एक निरोप उघडला. हा तिला पाठ होता. नोकरी लागली त्या दिवशीचा. बापाने तिच्या पगाराला, साहेबाला, पुण्याला आणि तिच्या सात पिढ्यांना मिळून अशी काही लाखोली वाहिली होती, की शेवटी त्यालाच खोकला आला होता. फोनमधून बाप म्हणाला, "अभिनंदन, शलाका. तुझ्या यशाचा आनंद आहे." खोकलासुद्धा गेला होता.

ती मदतकक्षावर किंचाळली. तोंडाला येईल ते बोलली. बापाने शिकवलेली एकही शिवी तिने शिल्लक ठेवली नाही. बोलणं संपल्यावर पडद्यावर तक्रारीची नोंद उमटली. 'ग्राहक वडिलांच्या आठवणीने भावुक झाल्या. सेवेबद्दल आभार मानले.'

दिवसकार्य होईपर्यंत ती वेंगुर्ल्यातच राहिली. फोन तिने काकीच्या पेटीत टाकून दिला होता. दुपारी पानं उठली, माणसं पांगली, आणि दोघी मागच्या पडवीत बसल्या. काकी सुपारी कातरत होती.

"काकी," शलाका म्हणाली, "तो फोनार माझ्याशी बोलायचो, तेव्हा तू जवळ असायचंस मां?"

"मी कित्याक, सगळी जेटी असायची. तेचो आवाज काय लहान होतो?"

"काय काय बोलायचो, ता सांग माका."

काकीने अडकित्ता थांबवला. "आज? दिवसाच्या दिवशी गाळी काढू तोंडातसून?"

"माझ्याकडे तेची एकपण नाय, काकी."

काकीने अडकित्ता तबकात ठेवला. मग आधी चाचरत आणि मग सवयीने सांगायला लागली. बोट तुटलं तेव्हा म्हणाला, मेलां माका टाळां लावूक सांगता, तेच्या तोंडाक टाळां लावा कोणतरी, आणि मग आठ दिवस ज्याला त्याला लेकीचं कौतुक सांगत सुटला की माझां चेडू माका पुण्याक बोलयता. चतुर्थीला म्हणाला, इलंस नाय तर गणपतीबरोबर तुझां पण विसर्जन करतंय. मखर बांधून झाल्यावर रस्त्यापर्यंत दोनदा जाऊन आला. बस आली, गेली. तेव्हा म्हणाला, फटकी येवंदे त्या बसवाल्याक, माझ्या चेडवाक खंय तरी इसरान इलो. शलाका ऐकत होती. हसू येत होतं आणि त्याच वेळी डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती पुसतही नव्हती. प्रत्येक शिवी झाली की म्हणे, "आणि?" काकी आठवून आठवून आणखी एक काढी.

"आणि छातीत दुखूक लागलां तेव्हा?"

"तेव्हा म्हणालो, शिरा पडो तुझ्या नोकरेर, बापूस मरता हंय, सगळां टाकून ये गो चेडवा." काकीने सुपारी उचलली. "मगे तुझो निरोप इलो. तेणी फोन कानाक लावल्यान, आयकल्यान, आणि पालथो घालून ठेवल्यान. काय इल्लां गो तेका?"

काय आलं असेल ते शलाकाला सांगता येत नव्हतं. ती म्हणाली होती, मरा नको, थेरड्या. "आणि दवाखान्यात नेताना? तेव्हा काय म्हणालो?"

"रवांदे ता."

"सांग, काकी."

"बरां नाय ता."

"सांग."

काकीने सुपारीचं खांड तसंच तबकात टाकलं. "मी म्हटलंय, गुणाज्या, चेडवाक फोन करतंय. तर माझो हात धरल्यान." मग ती थांबली, कारण पुढचं वाक्य तिच्या भाषेतलं नव्हतं. शाळेत पाठ म्हणावा तसं तिने ते एकेक शब्द जपून म्हटलं. "'नको. शलाका मॅडमना कळवू नका. त्या कामात असतात. उगाच त्यांना तसदी.'"

माडांत वारा होता. शलाकाने तबकातलं ते खांड उचलून हातात घेतलं.

"मागसून?" ती म्हणाली. "मागसून एकपण गाळ नाय?"

काकीने मान हलवली. "नाय गो बाय. एकपण नाय."